रस्त्याने रोजगार येतो की जातो?

पाऊलवाट (धागाकर्ती)

मोठ्या रस्त्याची घोषणा झाली की सोबत एक आकडा येतोच: या कामातून अमुक हजार रोजगार निर्माण होणार. रस्ते आणि प्रादेशिक विकास या विषयावरचे अभ्यास मी गेली काही वर्षं जमेल तसे वाचते आहे, आणि त्या आकड्यावरचा माझा विश्वास उडत चालला आहे. रस्ते हवेत, त्याबद्दल शंका नाही. पण रस्ता आणि रोजगार यांचं नातं आपण समजतो तितकं सरळ नसावं, असं वाटू लागलंय. इथे बांधकाम, वाहतूक, हिशेब, शिक्षण अशा क्षेत्रांत आयुष्य काढलेली मंडळी आहेत, म्हणून मत पक्कं करण्याआधी विचारते.

आधी बांधकामातल्या रोजगाराचं. जर्मनीतल्या ऑटोबानचं उदाहरण हमखास दिलं जातं: महामार्ग बांधायला घेतले आणि बेकारी संपली. १९३३ च्या सुरुवातीला तिथे बेकार होते ६० लाखांच्या आसपास. ऑटोबानचं काम ऐन भरात असताना, १९३६ मध्ये, प्रत्यक्ष रस्त्यावर राबणारी माणसं १ लाख २५ हजारांच्या घरात होती. म्हणजे बेकारी हटली ती मुख्यतः दुसऱ्या कारणांनी, आणि त्यात युद्धाची तयारी फार मोठी होती. शिवाय तो काळ फावड्याचा आणि ढकलगाडीचा. आजची यंत्रं तेवढ्याच कामाला किती माणसं ठेवतात, ते इथले जाणकार सांगतील.

मग रस्ता झाल्यावर काय होतं? याचा सर्वांत चांगला पुरावा मला भारतातल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सापडला. २५ डिसेंबर २००० ला ती सुरू झाली. बारमाही रस्ता नसलेल्या वस्त्यांना तो द्यायचा, आणि क्रम लोकसंख्येवरून: आधी १,००० च्या वरच्या, मग ५०० च्या वरच्या (डोंगराळ, आदिवासी आणि वाळवंटी भागात २५० च्या वरच्या). या नियमामुळे अभ्यासकांना आयतीच तुलना मिळाली. ४९० माणसांचं गाव आणि ५१० माणसांचं गाव यांत एरवी फरक तो काय? पण एकाला रस्ता आधी मिळण्याची शक्यता जास्त. सॅम अ‍ॅशर आणि पॉल नोवोसाद यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उंबरठ्याच्या अलीकडची आणि पलीकडची अशी गावं ताडून पाहिली. रस्ता आला त्या गावांत शंभरातले साधारण नऊ कामकरी शेतीतून बाहेर पडून दुसऱ्या कामाला लागले. हा मोठा बदल आहे. पण घराघरातलं उत्पन्न, मालमत्ता, पिकांची पद्धत यांत फारसा फरक दिसला नाही आणि गावातले धंदे वाढले तेही किंचितच. विशेष म्हणजे लोक गाव सोडूनही गेले नाहीत.

मला याचा अर्थ असा लागतो की रस्ता गावात काम घेऊन आला नाही, त्याने माणसाला कामापर्यंत जायची वाट करून दिली. ही मोलाचीच गोष्ट आहे, पण घोषणेतल्या आकड्यात ती कुठेच नसते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जास्त छळते. चीनने मोठी शहरं जोडणारं महामार्गांचं जाळं विणलं. दोन शहरांच्या मधे होत्या म्हणून ज्या छोट्या काउंट्या (आपल्या जिल्हा-तालुक्यांसारखे भाग) त्या जाळ्याला आपसूक जोडल्या गेल्या, त्यांची औद्योगिक वाढ न जोडलेल्या तशाच काउंट्यांच्या मानाने मंदावली, असं बेंजामिन फेबर यांना २०१४ च्या अभ्यासात आढळलं. रस्ता दोन्हीकडून वाहतो. छोट्या ठिकाणचा माल बाहेर जाऊ शकतो, तसा मोठ्या शहरातल्या कारखान्याचा स्वस्त मालही आत येतो, आणि इथला छोटा कारखाना बसतो.

मग रस्त्याचं यश मोजायचं कशाने?

---

मुरूमखडी

पाऊलवाट ताई, धागा चांगला आहे, पण बांधकामातला रोजगार तुम्ही फारच झटकून टाकलात. तीस वर्षं रस्त्याच्या कामांवर काढली आहेत, त्या हिशेबाने सांगतो.

मातीकाम आणि मुरूम पसरण्याच्या टप्प्यात आसपासची माणसं लागतात. मोऱ्या, गटारं, साइडपट्ट्या, दगडी पिचिंग ही सगळी हाताची कामं. डांबरीकरण सुरू झालं की मात्र चित्र पालटतं. हॉटमिक्स प्लांट, पेव्हर, रोलर आणि त्यांच्यासोबत फिरणारी टोळी बाहेरूनच येते. स्थानिक माणसाच्या वाट्याला झेंडा दाखवणं, रात्रीची राखण, पाणी मारणं एवढंच उरतं. म्हणून "रस्त्याच्या कामातून किती रोजगार" असं विचारून उपयोग नाही. कुठल्या प्रकारचा रस्ता आणि कुठल्या पद्धतीने, ते आधी विचारा. चौपदरी महामार्गावर खर्चाचा मोठा भाग यंत्रं, डांबर, सिमेंट आणि डिझेल यांत जातो. साध्या खडीच्या गावरस्त्यावर मजुरीचा वाटा कितीतरी मोठा असू शकतो.

हे ठरवूनही करता येतं. केनियाने १९७४ मध्ये ग्रामीण जोडरस्त्यांचा कार्यक्रम हाती घेतला तो मुद्दाम माणसांच्या हातांवर उभा केला, यंत्रं अगदी गरजेपुरती. भारताच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्यात मजुरी आणि साहित्य यांचं प्रमाण ६०:४० ठेवलं होतं ते याच विचाराने. हाताने केलेला रस्ता कच्चा असतो हा समजही चुकीचा आहे. दबाई नीट केली, उतार आणि पाण्याचा निचरा सांभाळला तर तो चांगला टिकतो. माझ्या हातून झालेल्या कामांत जी लवकर खराब झाली ती बहुतेक पाण्याने खराब झाली. मजुरांनी केली म्हणून झाली, असं एकही आठवत नाही.

---

जमाखर्च

दोघांचेही मुद्दे पटले, पण मोजणीबद्दल थोडं बोलायला हवं.

घोषणेतला आकडा बहुतेक वेळा मनुष्यदिवसांवरून काढलेला असतो. एका माणसाने दोनशे दिवस काम केलं काय आणि दोनशे माणसांनी एकेक दिवस केलं काय, मनुष्यदिवस तेवढेच. पण पहिल्याच्या घरी चूल पेटत राहिली. वर्तमानपत्रात येईपर्यंत मनुष्यदिवसांचे "रोजगार" होतात आणि वाचणाऱ्याला वाटतं की इतक्या कायमच्या नोकऱ्या लागल्या.

दुसरी चूक वजाबाकी न करण्याची. अमेरिकेतल्या आंतरराज्य महामार्गांचा चंद्रा आणि थॉम्पसन यांनी २००० साली केलेला अभ्यास पाहा. ज्या ग्रामीण काउंट्यांतून महामार्ग गेला तिथली कमाई वाढली, लगतच्या काउंट्यांतली घटली, आणि सगळ्या टापूची बेरीज केली तर हाताला फारसं काही लागलं नाही. व्यवसाय शेजारच्या काउंटीतून उठून रस्त्याकडेला आला होता. रस्त्याकाठी नव्या दुकानांची रांग दिसते तेव्हा तिच्यातली किती दुकानं आतल्या जुन्या रस्त्यावरून उठून आली, हे कुणीतरी मोजायला हवं. ती मोजणी मी अजून एकाही प्रकल्पाच्या अहवालात वाचलेली नाही.

---

अवनी

मी शिक्षिका आहे, त्यामुळे माझी नजर पटावर असते.

त्याच ग्रामसडक योजनेवर अंजली अडुकिया यांनी अ‍ॅशर आणि नोवोसाद यांच्यासोबत दुसरा अभ्यास केला. रस्ता आल्यावर उच्च प्राथमिक वर्गांतली पटसंख्या सुमारे ७ टक्क्यांनी वाढली आणि परीक्षांतली कामगिरीही सुधारली. त्यांचं स्पष्टीकरण मला फार आवडलं. रस्त्यामुळे बाहेरच्या चांगल्या पगाराच्या कामाची शक्यता दिसू लागली, म्हणून शिकण्यात अर्थ आहे असं घरच्यांना वाटलं.

पण शिल्पा अगरवाल यांच्या २०१८ च्या अभ्यासात दुसरी बाजू आहे. रस्ता आल्यावर १४ ते २० वयोगटातली मुलं शाळा सोडून कामाला लागण्याचं प्रमाण वाढलं. मला हे दोन निष्कर्ष एकमेकांच्या विरोधातले वाटत नाहीत. धाकट्यासाठी रस्ता पुढचं स्वप्न असतो. थोरल्यासाठी तो उद्या सकाळी मिळणारी मजुरी असतो, आणि घरची ओढाताण असेल तर तो मजुरीच निवडतो. जिथे रस्ता पोहोचतो तिथे त्याच वर्षी हायस्कूल, वसतिगृह किंवा शिष्यवृत्ती पोहोचली नाही, तर आपण एका पिढीला कायमचं बिनकौशल्याच्या कामात ढकलतो. माझ्या वर्गातून अशी मुलं गेलेली आहेत. हुशार होती. अजून त्यांची नावं पटावरून काढताना हात थांबतो.

आणि बायकांबद्दल. पुरुष पाच-सात मैल पायी किंवा सायकलवर जाऊन काम करून येतो. बाईचं काम संध्याकाळच्या शेवटच्या गाडीवर ठरतं. अंधाराच्या आत घरी पोहोचायची खात्री नसेल तर ती ते काम घेतच नाही. रस्ता झाला पण त्यावर वेळेवर धावणारी गाडी आली नाही, तर तिच्यासाठी तो रस्ता अर्धाच झालेला असतो.

---

स्टेपनी

मी मालवाहतुकीत आहे. पाऊलवाट ताईंच्या "कशाने मोजायचं" या प्रश्नाला आमच्या धंद्यातलं उत्तर देतो: भरवशाने.

कारखानदार आम्हाला "किती तासांत" हे दुसऱ्यांदा विचारतो. पहिल्यांदा विचारतो, "नक्की कधी." गाडी कधी चौदा तासांत आणि कधी तीस तासांत पोहोचत असेल तर त्याला तीस तास धरूनच कच्चा माल साठवावा लागतो. गोदामात पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेला पैसा. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता जोडणारा सुवर्ण चतुष्कोन ५,८४६ किलोमीटरचा. त्यावरच्या शहरांतल्या कारखान्यांनी कच्च्या मालाचा साठा ६ ते १२ दिवसांच्या उत्पादनाइतका कमी केला, असं सौगत दत्ता यांच्या २०१२ च्या अभ्यासात आहे. तो सुटलेला पैसा यंत्रांत गेला तर माणसं लागतात. रोजगार असा मागच्या दाराने येतो.

पण याच चतुष्कोनावरचा घनी, गोस्वामी आणि कर यांचा अभ्यासही लक्षात ठेवा. उत्पादन क्षेत्राची वाढ दिसली ती महामार्गापासून १० किलोमीटरच्या आतल्या जिल्ह्यांत. १० ते ५० किलोमीटरवर तसा परिणाम दिसला नाही. आम्हा लोकांना हे कागद न वाचताही ठाऊक असतं. महामार्गावर गाडी पळते, आणि शेवटच्या पंधरा किलोमीटरच्या जोडरस्त्यावर गाडीचे पाटे (स्प्रिंगा) तुटतात. त्या पंधरा किलोमीटरसाठी भाडं वेगळं सांगावं लागतं, आणि तेवढ्यानेच आतला कारखानदार बाजारात मागे पडतो.

---

साकव

स्टेपनी दादांच्या भरवशाच्या मुद्द्याला जोड देते. निकाराग्वात ग्रामीण भागातल्या ओढ्या-नद्यांना अचानक पूर येतो आणि गावं तुटतात. वायट ब्रुक्स आणि केविन डोनोव्हन यांनी तिथल्या पायी पुलांचा अभ्यास केला, २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पूल नसलेल्या गावांत पुराच्या काळात मजुरीचं उत्पन्न १८ टक्क्यांनी घटायचं. पूल झाल्यावर ही घट उरलीच नाही. नुसता चालत जायचा पूल! त्यावरून ट्रकही जात नाही, म्हणून कुठल्या मोठ्या घोषणेत तो येत नाही.

मी छोट्या पुलांच्या आणि मोऱ्यांच्या आखणीचं काम करते. रस्त्याचं अंदाजपत्रक फुगलं की सगळ्यात आधी कात्री लागते ती मोऱ्यांना. रुंदी कमी करायला कुणी तयार नसतं, ती डोळ्यांना दिसते. दोन मोऱ्या कमी केल्या तर उद्घाटनाच्या दिवशी कुणाच्या लक्षात येत नाही. एका कामावर मी लेखी हरकत घेतली होती, ती बाजूला ठेवली गेली. दुसऱ्याच पावसाळ्यात त्या ठिकाणी भराव वाहून गेला आणि पलीकडच्या वस्त्यांचं कामावर जाणं तीन आठवडे बंद पडलं. तीन आठवडे न आलेल्या मजुराला मुकादम परत कामावर घेतोच असं नाही. ही नोकरी कुठल्या खात्यात वजा केली गेली?

---

उद्याची_सकाळ

सगळे प्रतिसाद वाचले. मला मुळातल्या दृष्टिकोनाशीच भांडायचं आहे.

तुम्ही सगळे एकेका तुकड्याचा हिशेब करताय. रस्त्याचं बळ जाळ्यात असतं. १९१९ मध्ये अमेरिकन सैन्याचा मोटारींचा तांडा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला तेव्हा त्याला ६२ दिवस लागले. त्या तांड्यात तरुण आयझेनहॉवर होते. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर २९ जून १९५६ ला त्यांनीच आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली. ४१,००० मैलांचं जाळं, आणि खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्राचा. प्रत्येक काउंटीचा वेगळा जमाखर्च मांडत बसले असते तर त्यातले निम्मे तुकडे मंजूर झाले नसते.

आणि काळाचं काय? ड्युरँटन आणि टर्नर यांच्या हिशेबाप्रमाणे शहरातले महामार्ग १० टक्क्यांनी जास्त असतील तर पुढच्या २० वर्षांत तिथला रोजगार साधारण १.५ टक्क्यांनी जास्त वाढतो. हा आकडा कुणाला छोटा वाटेल, पण तो वीस वर्षांनी दिसतो. ग्रामसडकेवरच्या गावांत इतक्या लवकर उत्पन्न का वाढलं नाही, हा प्रश्नच घाईचा आहे.

शेवटचं, आणि हे मनापासून विचारतो. छोट्या काउंटीतला कारखाना बसला आणि तिथला कामगार शहरात जाऊन दुप्पट कमवू लागला, तर हे नुकसान नेमकं कुणाचं? आपल्याला प्रदेश वाचवायचा आहे की माणूस?

---

पाऊलवाट

या शेवटच्या प्रश्नाने मी दोन दिवस अडून बसले होते, म्हणून उत्तराला उशीर.

माणूस, अर्थात. पण प्रत्येक माणूस उठून जाऊ शकत नाही. तिशीतला धडधाकट गडी जातो. त्याचे आईवडील, अर्धा एकर जमीन असलेली विधवा, अपंग भाऊ मागे राहतात, आणि कारखाना बसला की त्यांच्या हातचं छोटं कामही जातं. म्हणून मला दोन्ही हिशेब हवेत. शिवाय सरकार जेव्हा "मागास प्रदेशाच्या विकासासाठी" म्हणून पैसा घालतं, तेव्हा त्या प्रदेशाला काय मिळालं हे विचारायचा हक्क तिथल्या लोकांना आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅपलाशिया या गरीब डोंगराळ पट्ट्यासाठी १९६५ च्या कायद्याने खास महामार्ग बांधले. त्यांचा फायदा झाला, पण त्यातला मोठा वाटा त्या पट्ट्याच्या बाहेर गेला, असं जॉवोर्स्की आणि किचन्स यांच्या अभ्यासातून दिसतं.

काळाबद्दलचं म्हणणं मात्र मी मान्य करते, आणि मुरूमखडी साहेबांचंही. बांधकामातला रोजगार हलका नसतो, तो कुठल्या रस्त्यातून आणि कसा, यावर सगळं आहे. जमाखर्च यांनी सांगितलेली मनुष्यदिवसांची बाब मला ठाऊकच नव्हती.

वीस वर्षांनी फायदा दिसतो असं धरलं, तरी वीस वर्षं तो रस्ता टिकायला हवा ना? याबद्दल इथे अजून कुणी बोललेलं नाही.

---

मुरूमखडी

याचीच वाट पाहत होतो.

१९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावाजवळ मुद्दाम चाचणीचे रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवत ठेवले. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की रस्त्याचं नुकसान आसावरच्या (चाकांच्या जोडीच्या दांड्यावरच्या) वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं. आसावर दुप्पट वजन म्हणजे सोळापट नुकसान. हलक्या वाहनांसाठी आखलेल्या जोडरस्त्यावर खडीचे भरलेले डंपर फिरले की काय होतं, त्याचं गणित तुम्हीच करा. (बऱ्याचदा हे डंपर शेजारच्या महामार्गाच्याच कामाचे असतात. मोठा रस्ता होता होता भोवतालचे चार छोटे रस्ते संपतात. ते पूर्ववत करून देण्याची अट निविदेत असायला हवी, आणि पाळली गेली पाहिजे.)

दुरुस्तीचं अर्थकारण याहून स्पष्ट आहे. जागतिक बँकेने १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या रस्त्यांबद्दल मांडलेला हिशेब मला पाठ आहे. आधीच्या दशकात वेळेवर १२ अब्ज डॉलर देखभालीवर खर्च केले असते, तर पुनर्बांधणीचे ४५ अब्ज डॉलर वाचले असते. गटार तुंबतं, पाणी कडेने आत मुरतं, खालचा थर मऊ होतो, वर भेग पडते. भेगेतून आणखी पाणी. खड्डा दिसतो तेव्हा आजार जुना झालेला असतो.

आणि आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण कायमचा, स्थानिक, यंत्राने हिरावून न घेतलेला रोजगार इथेच आहे. पूर्वी ठरावीक लांबीमागे एक मैलकुली असायचा. फावडं, घमेलं, टोपली घेऊन रोज त्याच लांबीवर. त्याला आपल्या मैलातली प्रत्येक मोरी ठाऊक. खर्च वाचवायचा म्हणून ही पदं भरणं थांबत गेलं आणि आपण खड्डे बुजवण्याच्या निविदा काढू लागलो. पेरूने उलट केलं. १९९५ च्या सुमारास सुरू झालेल्या ग्रामीण रस्ते कार्यक्रमात त्यांनी रस्त्याकाठच्या गावकऱ्यांचे छोटे उद्योगगट बांधले आणि रोजची देखभाल त्यांना ठेक्याने दिली. असे शेकडो गट उभे राहिले.

---

अवनी

साहेब, त्या गटांना पैसे कसे मिळत? हजेरीवर का? आणि त्यांत बायका होत्या का?

---

मुरूमखडी

अवनी ताई, हजेरीवर नाही, रस्त्याच्या स्थितीवर. ठरलेल्या लांबीचा महिन्याचा ठेका असायचा. तपासणीला माणूस आला की बघायचा: खड्डा नाही, गटार मोकळं, मोरीचं तोंड साफ, कडेचं गवत कापलेलं. तसं असेल तर पूर्ण पैसे. किती माणसं, किती वेळ, हे गटाने आपसात ठरवायचं.

बायका होत्या. त्यांचा सहभाग वाढावा असा प्रयत्न कार्यक्रमातच होता. घराजवळचं, उजेडातलं काम असल्यामुळे तुम्ही म्हणता ती शेवटच्या गाडीची अडचणही नसते.

आमच्याकडच्या एका कामावर मी असंच सुचवलं होतं. रस्त्याकाठच्या आठ घरांशी बोलणंही झालं होतं, त्यांतल्या पाच घरांतून बायकाच पुढे आल्या होत्या. प्रस्ताव वरपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. आता निवृत्त झालो आहे. त्याची प्रत अजून आहे माझ्याकडे. मोऱ्यांची यादी, लांबीची वाटणी, तपासणीचा तक्ता, सगळं आहे. कुणाला आपल्या भागात करून पाहायचं असेल तर सांगा, टंकून इथेच टाकतो.

---

साकव

टाका साहेब. मोऱ्यांची यादी मी तपासून देते.